करतलामलक

एखादी गोष्ट निःसंशय स्पष्ट आहे असे सांगावयाचे झाले म्हणजे आपले जुने पंडित ती 'करतलामलकवत्' आहे असे म्हणत; तळहातावर ठेवलेला आवळा जसा चहूंकडून दिसावा, तशी. एकनाथांनीही आपल्या एका वेदान्तपर ग्रंथाचे नाव 'हस्तामलक' असे ठेविले आहे. उपमा देणाराने आवळ्याचे बाह्यरूप पाहिले होते. त्याची ती पारदर्शक, हिरवट-पिवळी कांती आणि अंगावरील सहा पुसट रेघा यांत काही लपण्यासारखे नाही हे खरे. परंतु त्या सालीच्या आत काय आहे, हा प्रश्न गेल्या शतकात रसायनज्ञांनी विचारला, आणि त्याचे उत्तर देता देता तीन पिढ्या खपल्या. जे करतलावर इतके उघडे दिसते तेच प्रयोगशाळेत इतके अवघड व्हावे, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

आपल्या बोलीत आवळ्याला फारसा मान नाही. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणजे क्षुल्लक देऊन मोठे उपटणे. पण या क्षुल्लकपणाचीच एक थोर कथा पाटलिपुत्राची आहे, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणांसारख्यांनी ती अवश्य ऐकावी. 'अशोकावदान' या बौद्ध ग्रंथात ती आली आहे. सम्राट अशोकाने संघाला शंभर कोटी सुवर्णमुद्रा देण्याचा संकल्प केला होता. शहाण्णव कोटी देऊन झाल्या, आणि राजा अंथरुणाला खिळला. तेव्हा अमात्यांनी युवराज संपदी याच्या कानी घातले की, राजे लोकांचे बळ कोशात असते, आणि हा कोश रिता होत आहे. युवराजाने कोशाध्यक्षाला देणे बंद करण्याची आज्ञा केली. मग राजाने आपल्या भोजनाची सोन्याची ताटे विहाराला पाठविली. सोन्याच्या जागी चांदीची आली, तीही गेली. पुढे लोखंडाची, आणि अखेर मातीची. शेवटी राजाच्या हाती अर्धा आवळा उरला. त्याने अमात्य राधगुप्ताला विचारले की, या पृथ्वीचा स्वामी आज कोण आहे? राधगुप्त हात जोडून म्हणाला, आपणच. राजा म्हणाला की, दाक्षिण्यापोटी खोटे बोलू नका. माझी सत्ता आता या अर्ध्या आवळ्यापुरती उरली आहे. तो अर्धा आवळा कुक्कुटाराम विहारात गेला. तेथील स्थविरांनी तो कुटून कढणात मिसळला, आणि साऱ्या संघाला वाटून दिला.

ही कथा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. तथापि सातव्या शतकात ह्युएनत्संग पाटलिपुत्रात आला, तेव्हा कुक्कुटारामाच्या अवशेषांजवळ त्याला 'आमलक स्तूप' दाखविण्यात आला होता. म्हणजे लोकांनी ती कथा विटांत बांधून ठेविली होती.

तशीच दुसरी कथा तमिळ देशाची. मद्रासेकडे बदली झालेल्या आपल्या बांधवांनी ती ऐकली असेल. तगडूरचा, म्हणजे आजच्या धर्मपुरीकडचा, अधियमान नेडुमान अंजी याला डोंगराच्या अवघड कपारीतील एक आवळा मिळाला. तो खाणाराला दीर्घायुष्य लाभते अशी ख्याती. राजाने तो स्वतः न खाता अव्वैयार या कवयित्रीला दिला, आणि त्याचे गुण तिला खाऊन झाल्यावरच सांगितले. 'पुरनानूरु' या संघकालीन संग्रहात त्या प्रसंगी तिने केलेले काव्य आहे. तेलुगू मुलखात कार्तिकात उसिरीच्या झाडाखाली वनभोजने होतात आणि आपल्याकडे आवळीभोजन. झाड एकच, महिना एकच. उत्तरेकडील देवळांच्या शिखरांवर कळसाखाली जी पन्हाळीदार दगडी चकती असते, तिलाही शिल्पशास्त्रात आमलक हेच नाव आहे. भुवनेश्वरला नेमणूक असलेल्यांना ती रोज दिसते.

दीर्घायुष्याची ही ख्याती वैद्यकातून आली, की वैद्यकाने ती लोकांतून उचलली, हे सांगणे कठीण. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनांचा आहे, आणि त्याच्या पहिल्याच पादाला हिरडा व आवळा यांचे नाव आहे. च्यवनप्राशाचा मूळ पाठ तेथेच सापडतो, आणि त्यात पाचशे आवळे मोजून सांगितले आहेत. आवळ्यात खारट सोडून बाकीचे पाचही रस आहेत असे वैद्यक सांगते. त्यांतील आंबट आणि तुरट हे दोन कोणाच्याही जिभेला कळतात. आवळा खाऊन वर पाणी प्याल्यावर तिसरा गोड रसही कळतो. वाचकांनी हे दोन रस ध्यानात ठेवावेत, कारण पुढील सारा वाद आंबटाचे श्रेय किती आणि तुरटाचे किती, एवढ्यावरच झाला आहे. मात्र चरकाला आजचे रसायनशास्त्र अवगत होते असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. त्याने जे जाणले ते जिभेने आणि रोग्याच्या प्रकृतीने जाणले. त्याची थोरवी तेवढ्यानेही कमी होत नाही.

आता थोडे युरोपात जावे लागेल. दीर्घ प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुने व्रण पुन्हा फुटत, आणि माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली 'सॅलिसबरी' नावाच्या इंग्रजी लढाऊ जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टराने बारा रोगी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या पाडल्या, आणि प्रत्येक जोडीला निराळे औषध दिले. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती सहा दिवसांत जवळजवळ बरी झाली. १७५३ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि लिंबाचा रस आरमारात सक्तीचा होण्यास १७९५ साल उजाडले. कागद वरिष्ठांच्या टेबलावर बेचाळीस वर्षे पडून राहिला! आपल्या कार्यालयांना नावे ठेवणारांनी हा आकडा पाठ करावा.

लिंबात नेमके काय आहे हे कळण्यास आणखी सव्वाशे वर्षांवर काळ गेला. १९२८ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून आणि काही वनस्पतींतून एक आम्ल वेगळे काढले. ते शर्करेसारखे होते, पण त्याची ओळख पटेना. म्हणून त्याने त्याला 'इग्नोज' असे नाव सुचविले, म्हणजे 'अज्ञात शर्करा'. 'बायोकेमिकल जर्नल'च्या संपादकांना ही थट्टा रुचली नाही. तेव्हा त्याने 'गॉडनोज', म्हणजे 'देव जाणे', असे दुसरे नाव पाठविले. संपादकांनी अखेर हेक्झुरॉनिक आम्ल हे गंभीर नाव घालून निबंध छापला. १९३२ साली हेच ते क जीवनसत्त्व असे सिद्ध झाले; पुढे स्कर्व्हीला प्रतिकार करणारे म्हणून त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणू लागले. सेगेद या आपल्या गावच्या लाल मिरचीतून सेंट-ज्यॉर्जीने ते किलोंनी काढले, आणि १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या आम्लाचा विशेष गुण असा की, ते आपल्याजवळील इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते. लोखंड गंजते, तेल खवट होते, चिरलेले सफरचंद तांबूस पडते, या साऱ्यांत ऑक्सिडीकरणाची क्रिया आहे. जे द्रव्य स्वतः आधी जळून दुसऱ्याला या क्रियेपासून वाचविते, ते ऑक्सिडीकरणरोधक. हल्ली औषधांच्या दुकानात ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हेच. त्यात एक अडचण उघड आहे. जो दुसऱ्याकरिता चटकन जळतो तो स्वतः फार काळ टिकत नाही. भाजी शिजविली, फळ वाळविले, रस उघडा ठेवला, की क जीवनसत्त्व झपाट्याने नाहीसे होते.

आवळा मात्र या नियमाला जुमानीत नाही असे दिसू लागले, आणि येथून आपल्या देशातील संशोधनाची कथा सुरू होते. मद्रासच्या एम. दामोदरन आणि के. आर. नायर या दोघांनी १९३६ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तोही त्याच 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये. आवळ्यात एक टॅनिन आहे, म्हणजे कातडी कमावण्यास लागते त्या वर्गातील तुरट द्रव्य, आणि ते ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते, असे त्यांनी दाखविले. या वर्गातील द्रव्ये तांब्यालोखंडाचे अंश पकडून ठेवतात, आणि हेच अंश ऑक्सिडीकरणाला चालना देत असतात. शिवाय ती स्वतःही इलेक्ट्रॉन देतात. आंबटाचे रक्षण तुरट करतो, असे हे सूत्र. कोणाच्याही पाठीवर थाप न मारता दोन तरतरीत माणसांनी केलेले हे काम आज फार थोड्यांच्या ध्यानात आहे, याचे मला वाईट वाटते.

याच काळात निलगिरीतील कुन्नूर येथे आहार-संशोधनाची प्रयोगशाळा नावारूपास आली होती. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिचा पाया घातला, आणि १९३५ साली डब्ल्यू. आर. एक्रॉइड तिचे संचालक झाले. त्यांनी १९३७ च्या सुमारास हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक लहानशी सरकारी पुस्तिका काढली. आपल्या लोकांच्या भाकरी-भाताला, पालेभाज्यांना आणि रानफळांना आकड्यांची प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने या पुस्तिकेने. पुढे या प्रयोगशाळेचे संचालकपद डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होते, आणि त्यांच्याच कारकीर्दीत १९५८-५९ च्या सुमारास ती कुन्नूरहून हैदराबादेस आली. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. घरदार, ग्रंथ आणि उंदरांचे पिंजरे यांसह डोंगरावरून दख्खनच्या पठारावर झालेली ती बदली कशी पार पडली असेल, याची कल्पना बदलीचा हुकूम हाती पडलेल्या प्रत्येकास करता येईल.

आवळ्याची खरी परीक्षा प्रयोगशाळेत न होता दुष्काळात झाली. पंजाबातील हिस्सार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या हरियाणात, १९३९-४० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पीक नाही, चारा नाही, हिरवे पान नाही. मदतीचे धान्य मिळाले तरी धान्यात क जीवनसत्त्व नसते, आणि पोटात अन्न असूनही माणसांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तेथे स्कर्व्हीच्या रोग्यांवर आवळ्याचा उपयोग करण्यात आला, आणि तो गुणकारी ठरला. समुद्रावरच्या रोगाला वाळवंटाच्या काठी आवळ्याने उत्तर दिले. त्या जिल्ह्यात संत्री कोठून आणणार होते? स्वस्त, देशी आणि टिकाऊ असे दुसरे फळ हाताशी नव्हते.

यानंतर आवळ्याचा आकडा रूढ झाला. १९७१ साली हैदराबादच्या संस्थेने डॉ. सी. गोपालन प्रभृतींचे जे सुप्रसिद्ध कोष्टक-पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शंभर ग्रॅम आवळ्यात सहाशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असे नोंदले आहे. हा सहाशेचा आकडा शाळेच्या पुस्तकात गेला, वैद्यांच्या जाहिरातीत गेला, च्यवनप्राशाच्या डब्यावरच्या गौरवात गेला. पूर्वीच्या कागदाचा आधार दाखवून पुढचा कागद तयार करणे हा आम्हां कारकुनांचा नित्याचा व्यवहार. त्यामुळे एकदा नोंदलेला आकडा किती चिवट असतो, हे मी निराळे सांगावयास नको.

हा आकडा निघत असे कसा, तेही पाहिले पाहिजे. टिलमन्स या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत अशी. एक निळे रंगद्रव्य घ्यावयाचे. ते फळाच्या आम्ल अर्कात थेंब थेंब सोडावयाचे. जोपर्यंत अर्कात क जीवनसत्त्व आहे तोपर्यंत ते इलेक्ट्रॉन देऊन रंग घालवीत राहते. ते संपले की गुलाबी छटा टिकून राहते. किती थेंब पडले त्यावरून किती जीवनसत्त्व होते ते काढावयाचे. पद्धत सोपी, स्वस्त आणि बहुतेक फळांना पुरेशी. पण रंगद्रव्य काही साक्षीदाराचे नाव विचारीत नाही. इलेक्ट्रॉन कोणी दिला, ॲस्कॉर्बिक आम्लाने की दुसऱ्या एखाद्या द्रव्याने, हे त्याला ठाऊक नसते. आवळ्यासारख्या टॅनिनांनी भरलेल्या फळात ही शंका घेण्यास जागा होती.

ती शंका १९९६ साली मोठ्या आवाजात निघाली. काशी हिंदू विश्वविद्यालयाशी दीर्घकाळ निगडित असलेले रसायनज्ञ शिबनाथ घोषाल आणि त्यांचे सहकारी यांनी आवळ्यातून दोन नवी टॅनिने काढल्याचे जाहीर केले, आणि त्यांना एम्ब्लिकॅनिन अ आणि एम्ब्लिकॅनिन ब अशी नावे दिली. आवळ्याच्या ऑक्सिडीकरणरोधक सामर्थ्याचे जे श्रेय इतकी वर्षे क जीवनसत्त्वाला दिले गेले, ते वस्तुतः या तुरट द्रव्यांचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. साठ वर्षे आंबटाचा पहारेकरी मानला गेलेला तुरट आता गादीवरच हक्क सांगू लागला.

आंबटाच्या बाजूनेही साक्षीदार निघाले. २००६ साली इटालियन संशोधकांनी, प्रत्येक द्रव्य स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या नव्या यंत्रपद्धतीने आवळा तपासला, तेव्हा क जीवनसत्त्व त्यात खरोखरच भरपूर सापडले, आणि ऑक्सिडीकरणरोधक गुणाचा मोठा वाटा त्याच्याकडेच जातो असे त्यांना आढळले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देण्याची आयुर्वेदाची रीत आहे. तसे तयार केलेले रसायन त्यांनी तपासले, आणि त्यातील क जीवनसत्त्वाचे प्रमाण साध्या फळाच्या सुमारे तिप्पट निघाले. पुढे २००९ साली बंगळूरच्या एका औषधी-उद्योगाच्या प्रयोगशाळेने एम्ब्लिकॅनिनांवरच आक्षेप घेतला. ज्यांना ही नावे दिली गेली ती द्रव्ये वस्तुतः गॅलिक आम्लाची दुसरीच संयुगे आहेत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पहारेकऱ्याचा हक्क तर वादात होताच, त्याच्या नावाचीही आता चौकशी सुरू झाली. यातील काही पक्ष आवळ्याची सत्त्वे विकण्याच्या व्यवसायात आहेत, ही गोष्टही निबंध वाचताना नजरेआड करून चालत नाही.

मग २०१७ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने गोळा करून नव्या पद्धतींनी केलेली कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत आवळ्यापुढे शंभर ग्रॅमला सुमारे अडीचशे मिलिग्रॅम असा आकडा आला. सहाशेचे अडीचशे! यावरून जुने लोक चुकले असा निकाल देण्याची घाई कोणी करू नये. चकैया, बनारसी, कृष्णा, कांचन अशा आवळ्याच्या जाती अनेक; प्रतापगडच्या बागेतील टपोरा आवळा निराळा आणि सह्याद्रीच्या रानातील बोराएवढा निराळा; कोवळ्या आणि पिकल्या फळात फरक; झाडावरून काढल्यानंतर किती दिवसांनी मोजले यात फरक. १९३० च्या दशकात रानआवळा मोजला असेल आणि आज बागेतील मोजला असेल, तर दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतील. मला स्वतःला मौज वाटते ती एवढीच की, इतक्या वर्षांच्या उलटतपासणीनंतर आवळा अडीचशेवर उभा आहे, आणि संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे.

तुरट द्रव्यांचे पुढे काय झाले, हे सांगताना मात्र सावधपणा हवा. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले की, शरीरात निर्माण होणारे मुक्त मूलक, म्हणजे एकाकी इलेक्ट्रॉन असलेले उपद्रवी रेणू, हेच म्हातारपणाचे कारण असावे. तेव्हापासून ऑक्सिडीकरणरोधकांचा बोलबाला झाला, आणि चरकाच्या रसायनांवर नव्या शास्त्राचा शिक्का बसला असे आपल्याकडे अनेकांना वाटले. परंतु १९९४ साली फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील प्रयोगाचा निकाल आला. ज्यांना बीटा-कॅरोटीन या रोधकाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी अठरा टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेच्या कृषिखात्याने अन्नपदार्थांच्या रोधकसामर्थ्याची जी कोष्टके संकेतस्थळावर ठेविली होती, ती २०१२ साली काढून घेतली. काचनळीत मोजलेले सामर्थ्य शरीरात तसेच काम करते याला पुरावा नाही, आणि व्यापारी त्या आकड्यांचा गैरवापर करतात, हे कारण. आवळ्याची टॅनिनेही बहुतांशी आतड्यात जशीच्या तशी शोषली जात नाहीत. तेथील जंतू त्यांचे तुकडे करतात, आणि ते तुकडे काय करतात याचा अभ्यास आता चालू आहे. तेव्हा डब्यावर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द मोठ्या अक्षरांत पाहून खिशात हात घालणाराने थोडे थांबावे.

क जीवनसत्त्वाचे तसे नाही. तेथे हिशेब सरळ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषाला रोज ऐंशी आणि स्त्रीला पासष्ट मिलिग्रॅम अशी शिफारस केली. चाळीस ग्रॅमांच्या आवळ्यात बी वगळून पस्तीस ग्रॅम गर धरला, तर नव्या, म्हणजे लहान, आकड्यानेही एका आवळ्यात अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅम होतात. मोरावळ्यात साखरेच्या पाकात शिजताना त्यातले बरेचसे जाते. मीठ लावून खाल्लेल्या ताज्या फोडीत ते जवळजवळ सगळे राहते. आणि ही फोड दिल्लीच्या मंडईत कार्तिकापासून माघापर्यंत मिळते, कलकत्त्याला 'आमलकी' म्हणून मागावी लागते, आणि मद्रासेस 'नेल्लिक्काय' म्हणून.